बर्फाकडून येणारा गरम वारा

आज आपण मोटारीने एक देश पाहायला जाणार आहोत. सबंध देश! एवढा मोठा बेत ऐकून घाबरू नका. या देशाची दक्षिणोत्तर लांबी अवघी २५ किलोमीटर आहे. पुण्याहून लोणावळ्याला जाताना आपण जेवढे अंतर तोडतो त्याच्या निम्म्यानेसुद्धा हा देश संपून जातो. पण या चिमुकल्या देशात पदार्थविज्ञानाचे एक मोठे कोडे दडलेले आहे. तेथील लोकांना ते शेकडो वर्षे ठाऊक आहे. कधी त्याने त्यांची द्राक्षे पिकवली आहेत, तर कधी रानेच्या राने पेटवली आहेत. कोडे असे आहे: हिवाळ्याच्या दिवसांत, बर्फाच्छादित डोंगरांच्या बाजूने येणारा वारा गरम कसा?

कोडे सोडवायचे तर दोन वस्तू बरोबर घ्या. एक साधा तापमापक आणि घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची एक रिकामी बाटली. बाकी सामान मोटारीत आहेच.

नकाशावर शोधा पाहू

नकाशाच्या पुस्तकात युरोपचे पान उघडा. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये आल्प्स पर्वतात एक बारीकसा ठिपका दिसेल. हाच लिश्टनस्टाइन देश. क्षेत्रफळ केवळ १६० चौरस किलोमीटर. म्हणजे बृहन्मुंबईच्या क्षेत्रफळाचा साधारण चौथा हिस्सा! लोकसंख्या सुमारे ४० हजार. १७१९ साली दोन छोट्या जहागिऱ्या एकत्र करून हे संस्थान निर्माण झाले. आजही तेथे राजपुत्राची गादी आहे आणि लोकांनी निवडलेले विधिमंडळही आहे. सैन्य मात्र नाही. ते १८६८ सालीच मोडीत काढण्यात आले. चलन शेजारच्या स्वित्झर्लंडचे, म्हणजे स्विस फ्रँक. देशात विमानतळ नाही. समुद्र तर नाहीच, पण ज्या दोन देशांनी त्याला वेढले आहे त्यांनाही समुद्र नाही. येथून समुद्रावर जायचे तर किमान दोन देशांच्या सीमा ओलांडाव्या लागतात. असा दुसरा देश जगात एकच आहे, उझबेकिस्तान.

देशाची रचना नीट ध्यानात घ्या, कारण कोड्याचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. पश्चिमेकडे र्‍हाईन नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. तीच स्वित्झर्लंडबरोबरची सीमा. नदीकाठी सपाट दरी आहे. तिची उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर. पूर्वेकडे मात्र डोंगर एकदम उभे राहतात. सर्वांत उंच शिखर ग्राउश्पित्स, २,५९९ मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे हे आठवून पाहा, म्हणजे कल्पना येईल.

दरीतील पंचवीस किलोमीटर

चला, मोटारीत बसा. महिना नोव्हेंबरचा आहे. दक्षिणेच्या टोकाला बाल्झर्स गावी आपण देशात शिरतो. स्वित्झर्लंडकडून येताना सीमेवर कोणी अडवत नाही. गावातील टेकडीवर गुटेनबर्ग नावाचा जुना किल्ला आहे. उत्तरेकडे निघालो की डावीकडे नदीचा बांध आणि उजवीकडे डोंगर अशी सोबत सुरू होते. थोड्याच वेळात राजधानी येते. तिचे नाव फाडुट्स. (काही नकाशांत ‘वाडुझ’ असेही छापलेले आढळेल.) गावावरच्या कड्यावर राजपुत्राचा वाडा आहे आणि खाली चक्क द्राक्षांचे मळे. आल्प्सच्या कुशीत, इतक्या उत्तरेला द्राक्षे? ही नोंद मनात ठेवा. कोड्याचा हा पहिला धागा आहे.

फाडुट्सजवळ नदीवर एक जुना लाकडी पूल आहे. १९०१ साली बांधलेला हा पूल घरासारखा छप्पर घातलेला आहे. पावसापासून लाकडाचे रक्षण व्हावे म्हणून. त्यावरून मोटारी जात नाहीत, पायी किंवा सायकलने जावे लागते. पुलाच्या मध्यावर उभे राहिलात की तुमचा एक पाय एका देशात आणि दुसरा दुसऱ्या देशात! पुढे शान हे गाव आणि मग उत्तरेच्या टोकाला रुगेल. झाला देश पाहून. अर्धा-पाऊण तासात!

पण हा झाला आडवा प्रवास. आता उभा प्रवास करू या. त्यातच खरी मौज आहे.

घाट चढताना

परत फाडुट्सला या आणि मोटारीबाहेर सावलीत तापमापक धरा. समजा, पारा ९ अंश सेल्सियस दाखवतो. आता डोंगराची वाट धरू. वळणावळणांचा रस्ता ट्रीझनबर्ग या गावातून जातो. सुमारे सातशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतातून आलेले लोक येथे वसले. त्यांची बोली आजही दरीतील बोलीहून वेगळी आहे. त्याच्याही वर एक बोगदा लागतो, सुमारे पाऊण किलोमीटर लांबीचा. १९४७ साली तो खुला झाला आणि पलीकडची उंच दरी हिवाळ्यातही मोटारीच्या टप्प्यात आली. बोगद्यातून बाहेर पडलो की श्टेग आणि शेवटी मालबून. उंची १,६०० मीटर. फाडुट्सपासून अंतर सुमारे १५ किलोमीटर, पण चढ जवळजवळ १,१५० मीटरचा!

वाटेत तुमच्या कानांत दडे बसले असतील. आवंढा गिळला की ते सुटतात. त्याचे कारण असे की, वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीला वायुभारमापकातील पाऱ्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटर असतो. फाडुट्सला तो ७२ सेंटिमीटरच्या आसपास असतो, तर मालबूनला साडेबासष्टच्या आसपास. म्हणून मालबूनला पाणी १०० अंशांना नव्हे, तर सुमारे ९५ अंशांनाच उकळते. बटाटे शिजायला तेथे अधिक वेळ लागतो, तो यामुळेच.

आता पुन्हा तापमापक पाहा. दीड अंश! फाडुट्सपेक्षा साडेसात अंश कमी. वातावरणात वर जाताना तापमान सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश उतरते. आपला १,१५० मीटरचा चढ त्या हिशेबात बरोबर बसतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा. आणि ती रिकामी बाटली उघडून, मालबूनची हवा आत भरू द्या व झाकण घट्ट लावून टाका.

येथे तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी मला अडवील. माझ्या वर्गातही एका मुलीने एकदा अडवले होते. ती म्हणाली, “सर, गरम हवा हलकी होऊन वर जाते ना? मग डोंगरावर गरम व्हायला पाहिजे. तेथे थंडी कशी?” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले की आपले कोडेही निम्मे सुटते.

सायकलचा पंप सांगतो

सायकलच्या चाकात जोराने हवा भरा आणि पंपाच्या टोकाला हात लावून पाहा. ते चांगलेच गरम लागते. घर्षणाने थोडी उष्णता निर्माण होते हे खरे, परंतु मुख्य कारण वेगळे आहे. दट्ट्या आत ढकलताना तुम्ही हवेवर कार्य करता. ती ऊर्जा हवेच्या रेणूंना मिळते, त्यांचा वेग वाढतो आणि हवा तापते. आता उलट करा. भरलेल्या चाकाचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडा. बाहेर येणारी हवा गार लागते. प्रसरण पावताना तिला भोवतालची हवा दूर सारावी लागते, ते कार्य ती स्वतःच्या ऊर्जेतून करते आणि थंड होते.

डोंगरावर नेमके हेच घडते. हवा वर चढू लागली की भोवतालचा दाब कमी होतो. ती फुगते आणि थंड होते. बाहेरून कोणी तिची उष्णता काढून घेत नाही, तरीही ती थंड होते! कोरडी हवा वर चढताना दर १०० मीटरला सुमारे १ अंश थंड होते. आणि खाली उतरू लागली की वरच्या हवेचा भार वाढतो, ती दाबली जाते आणि दर १०० मीटरला तेवढीच, म्हणजे १ अंश तापते. गरम हवा वर जाते हे खरेच. पण वर पोहोचेपर्यंत ती गरम उरत नाही.

रात्री वारा बदलतो

आपण मालबूनला मुक्काम केला आहे. रात्री वाऱ्याचा आवाज वाढतो. सकाळी बाहेर आलात की दक्षिणेच्या शिखरांवर ढगांची एक भिंत उभी दिसते, आणि डोक्यावरचे आकाश मात्र निळेशार. दूरचे डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे स्वच्छ दिसतात. तापमापक ६ अंश दाखवतो. काल येथे दीड अंश होता.

आता घाट उतरू या. तापमान कितीने वाढेल? कालच्या हिशेबाने साडेसात अंशांनी. म्हणजे फाडुट्सला साडेतेरा अंश असायला हवेत. पण खाली येऊन पाहतो तो पारा साडेसतरा अंशांवर! काल याच जागी ९ अंश होते. फरक साडेसात अंशांचा नाही, साडेअकरा अंशांचा आहे. १,१५० मीटरला साडेअकरा अंश, म्हणजे दर १०० मीटरला बरोबर १ अंश. ओळखीचा आकडा वाटतो ना? तापमापकाने चोर पकडला. ही हवा डोंगरावरून खाली घसरत आलेली आहे आणि वाटेत दाबली गेल्यामुळे तापली आहे! (प्रत्यक्षात आकडे रोज थोडे मागेपुढे होतील, मी सोयीसाठी गोल आकडे घेतले आहेत.)

या वाऱ्याचे नाव फॉन. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही ते वाचले असेल. जर्मन भाषेत केस वाळवायच्या यंत्रालाही याच वाऱ्याचे नाव मिळाले आहे.

आणि आपली बाटली? तिच्याकडे पाहा. कोणी हात न लावता तिच्या बाजू आत चेपल्या आहेत. मालबूनची विरळ हवा खालच्या अधिक दाबाखाली साधारण आठव्या हिश्शाने आकसली. बाटलीत जे घडले तेच वाऱ्यात घडले.

पण जास्तीची उष्णता आली कोठून?

एक शंका अजून उरते. हवा आल्प्स चढताना थंड झाली आणि उतरताना तेवढीच तापली, तर हिशेब शून्य व्हायला हवा. मग ती पूर्वीपेक्षा गरम कशी?

एके काळी अनेक विद्वानांना वाटे की, हा वारा आफ्रिकेतील सहारा वाळवंटाची ऊब घेऊन येतो. पण ग्रीनलंडच्या बर्फाळ किनाऱ्यावरही असेच गरम वारे वाहतात. तेथे सहारा कोठला? १८६६ साली युलियस हान या ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञाने दाखवून दिले की ही उष्णता परदेशाहून येत नाही. खाली उतरण्याच्या क्रियेतच ती निर्माण होते.

हिशेब असा मांडा. आल्प्सच्या दक्षिणेला, इटलीच्या बाजूला, २०० मीटर उंचीवर १२ अंशांची दमट हवा आहे. ती डोंगर चढू लागते. पहिल्या ५०० मीटरमध्ये ती ५ अंश थंड होऊन ७ अंशांवर येते. समजा, येथे ती बाष्पाने संपृक्त झाली. आता बाष्पाचे पाणी होऊ लागते आणि ढग तयार होतात. पाणी उकळून वाफ करायला चुलीची उष्णता लागते हे तुम्हांला ठाऊक आहे. वाफेचे पुन्हा पाणी होताना ती उष्णता परत मिळते. तिला सुप्त उष्णता म्हणतात. १ ग्रॅम बाष्पाचे पाणी झाले की सुमारे २,५०० जूल उष्णता हवेला मिळते. त्यामुळे पुढे चढताना हवा दर १०० मीटरला १ अंश नव्हे, तर सुमारे ०.६ अंशच थंड होते. ७०० मीटरपासून २,७०० मीटरपर्यंत २,००० मीटर चढताना ती १२ अंश थंड होऊन उणे ५ अंशांवर येते. पाणी पाऊस आणि हिम होऊन दक्षिणेकडेच पडून जाते. माथा ओलांडून हवा उतरू लागते ती कोरडी. आता प्रत्येक १०० मीटरला पूर्ण १ अंश! २,७०० वरून ४५० मीटरवर, म्हणजे २,२५० मीटर उतरताना ती साडेबावीस अंश तापते. उणे ५ मध्ये साडेबावीस मिळवा. साडेसतरा! आपल्या तापमापकाने हेच दाखवले होते.

म्हणजे इटलीकडच्या पावसाने सोडलेली उष्णता लिश्टनस्टाइनला मिळाली.

हे स्पष्टीकरण सुंदर आहे, परंतु तेवढ्याने सर्व भागत नाही. दक्षिणेकडे थेंबभरही पाऊस नसताना फॉन वाहतो, असेही पुष्कळदा आढळते. अशा वेळी दक्षिणेची खालची थंड हवा डोंगरापाशी अडून राहते आणि दोन-तीन किलोमीटर उंचीवरची हवा तेवढी माथ्यावरून पलीकडे उतरते. वातावरणात वर जाताना तापमान किलोमीटरला साडेसहा अंशच घटते, पण उतरताना हवा किलोमीटरला सुमारे दहा अंश तापते. हा साडेतीन अंशांचा फरकच तिला गरम करतो. सव्वादोन किलोमीटर उतरली की सुमारे आठ अंशांचा फायदा! निसर्गात ही दोन्ही कारणे कमी-अधिक प्रमाणात काम करतात.

मग गरम, हलकी हवा खाली उतरतेच कशी? आल्प्सच्या दक्षिणेला हवेचा दाब अधिक आणि उत्तरेला कमी असला की हवा उत्तरेकडे ढकलली जाते. र्‍हाईनची दरी येथे दक्षिणोत्तर असल्यामुळे तिला आयताच पन्हळ मिळतो. दरीत साचलेली थंड हवा सुरुवातीला विरोध करते. वारा ती हळूहळू खरवडून नेतो आणि अखेर जमिनीपर्यंत पोहोचतो. त्या क्षणी पारा काही मिनिटांत कित्येक अंश उडी घेतो. वाऱ्याचे झोत कधी ताशी १०० किलोमीटरच्याही वर जातात.

मित्र आणि वैरी

फाडुट्सचे द्राक्षमळे आठवतात ना? शरद ऋतूत हा गरम वारा द्राक्षांत साखर भरतो. म्हणून या भागात त्याला ‘द्राक्षे शिजवणारा’ असे लाडके नाव आहे.

पण याच वाऱ्याची दुसरी बाजू भयंकर आहे. आपल्या हिशेबातील उणे ५ अंशांची हवा बाष्पाने भरलेली होती. तीच साडेसतरा अंशांना आली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते, कारण गरम हवेत कितीतरी अधिक बाष्प मावू शकते. अशी तहानलेली हवा लाकूड, गवत, पाचोळा यांतील ओलावा शोषून घेते. वर सोसाट्याचा वेग. एक ठिणगी पुरते. जवळच्याच स्वित्झर्लंडमधील ग्लारुस या गावी १८६१ सालच्या मे महिन्यात फॉनच्या रात्री आग लागली आणि गावाचा मोठा भाग जळून गेला. ५ डिसेंबर १९८५ रोजी सीमेपलीकडे स्विस सैन्याचा गोळीबाराचा सराव चालू असताना फॉनच्या झंझावातात वणवा पेटला आणि बाल्झर्सवरचे रान जळाले. आपण ज्या गावातून देशात शिरलो तेच हे बाल्झर्स. डिसेंबरात, आल्प्समध्ये वणवा! ज्याला फॉन ठाऊक नाही त्याला ही बातमी खोटीच वाटेल.

म्हणूनच आल्प्समधील अनेक खेड्यांत फॉन सुटला की गस्त घालण्याची आणि उघड्यावर विस्तव न पेटवण्याची रीत पूर्वीपासून होती. सिद्धान्त कळण्याच्या कितीतरी आधी लोकांनी अनुभवातून नियम केले. विज्ञानाने त्यात एक भर घातली: वारा येणार हे आधी सांगण्याची. डोंगराच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक मोजला की फॉनची चाहूल लागते.

आपल्या सह्याद्रीत असे का होत नाही?

पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सह्याद्री चढतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो आणि घाटाखाली पूर्वेला असलेल्या वाईला त्याच्या पाव हिश्शाइतकाही पडत नाही. पर्जन्यछायेचा हा प्रदेश फॉनचाच भाऊबंद आहे. पण महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आणि वाई सुमारे ७०० मीटरवर. उतरायला मिळतात अवघे सहा-साडेसहाशे मीटर. दख्खनचे पठार मुळातच उंच आहे, त्यामुळे हवेला तापायला पुरेसा उतार मिळत नाही. लिश्टनस्टाइनमध्ये तो दोन किलोमीटरहून अधिक मिळतो.

मोटार उतरवताना

जाता जाता आपल्या मोटारीचाही हिशेब करू. माणसांसह तिचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम धरा. १,१५० मीटर उतरताना तिची सुमारे १ कोटी ३५ लाख जूल स्थितिज ऊर्जा कमी होते. एवढ्या उष्णतेने २० अंशांचे ४० लिटर पाणी उकळीला येईल! ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये कोंडली तर ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. म्हणून शहाणा चालक घाट उतरताना मोटार खालच्या गिअरमध्ये ठेवतो आणि ओझे इंजिनावर टाकतो. विजेवर चालणारी मोटार तर यातील काही ऊर्जा बॅटरीत परत साठवते. उतरणाऱ्या हवेची ऊर्जा असो की उतरणाऱ्या मोटारीची, ती नाहीशी होत नाही. कोठे गेली ते शोधायचे असते.

करून पाहा

पुढच्या सहलीला महाबळेश्वर, माथेरान किंवा जवळचा एखादा गड निवडा. पायथ्याशी आणि माथ्यावर, दोन्ही ठिकाणी सावलीत तापमान मोजा. माथ्यावर रिकामी बाटली बंद करा आणि खाली येऊन पाहा. उंचीतील फरक नकाशावरून काढा आणि १०० मीटरला किती अंश फरक पडला ते वहीत लिहा. उत्तर ०.६ च्या जवळ आले की १ च्या जवळ, ढगाळ दिवशी किती आणि कोरड्या दिवशी किती, हे चार-पाच वेळा मोजले की तुमच्या डोंगरावरची हवा त्या दिवशी काय करीत होती, ते तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही.